अनुभव धागा: 'सर्फिन बर्ड' बसवताना

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या 'द ट्रॅशमेन' या बँडचं 'सर्फिन बर्ड' हे गाणं १९६३च्या अखेरीस आलं आणि पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बिलबोर्डच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढे 'रमोन्स' या पंक बँडने ते १९७७च्या 'रॉकेट टू रशिया' अल्बममध्ये घेतलं आणि 'द क्रॅम्प्स' या बँडने १९७८ साली पहिल्या सिंगलवर (एक-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर). ज्यांनी हे गाणं बँडवर बसवलं आहे त्यांनी नेमकं कुठे अडतं आणि त्यावर उपाय काय, ते लिहावं. किस्से नकोत.

गायन:
सगळ्यात अवघड जागा मधली. वाद्यं थांबतात, गायक एकटा घशातून गुरगुरतो, मग 'पा-पा-पा'ची माळ सुरू करतो आणि त्यावर बँड परत येतो. गुरगुर जोर लावून काढू नका, घसा बसतो. आवाज अगदी लहान ठेवून, पोटातून थोडी हवा सोडत सुरू करा. मोठेपणा माइक देईल. ओठ माइकच्या जाळीपासून दोन-तीन बोटं लांब आणि माइक किंचित तिरका हवा, नाहीतर प्रत्येक 'पा'ला स्पीकर धपधपतो. इंग्रजी ढंगाच्या 'प्हा'पेक्षा आपला अल्पप्राण 'पा' म्हटला तर हवेचा फटका निम्म्यावर येतो. श्वासाच्या जागा कागदावर पेन्सिलीने आधीच ठरवा. शब्दांत आयती फट कुठेच नाही, म्हणून एखादं अक्षर सरळ गाळावं लागतं. ते दरवेळी तेच असावं.

ड्रम्स:
मूळ रेकॉर्डवर गाणारा आणि ड्रम वाजवणारा एकच, स्टीव्ह वॉरर. तसं करायचं असेल तर माइक बूम स्टँडवर (आडव्या दांडीच्या स्टँडवर) डावीकडून आणा आणि कार्डिऑइड माइकची, म्हणजे समोरचंच जास्त टिपणाऱ्या माइकची, पाठ स्नेअरकडे (समोरच्या करकरीत ड्रमकडे) येईल असा वळवा. मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचं कापा. लय हमखास पळते ती मधल्या थांब्यानंतर, कारण 'पा-पा'च्या भरात गायक पुढे निघून गेलेला असतो. थांब्यात हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) पायाने अगदी हलकी चालू ठेवा, किंवा बँड घेताना चार स्टिक ठोके द्या. गायकाकडे बघून अंदाजाने शिरलात तर बास एकीकडे आणि गिटार दुसरीकडे पडतं.

गिटार, रमोन्स पद्धत:
सगळे आघात खालच्या दिशेचे. वर-खाली वाजवलं की वेग तोच राहतो पण धार जाते. हात कोपरातून नको, मनगटातून आणि जेमतेम तारांपुरता हलवा. पिक (तारा छेडायची पट्टी) १ मिलिमीटर जाडीची, बाहेर टोक थोडंच. मेट्रोनोम (लयीचं यंत्र) मिनिटाला १४० ठोक्यांवर लावा, पूर्ण गाणं हात न आखडता वाजलं तरच ५ने वाढवा. कॉर्ड बदलतच नाहीत म्हणावं इतके कमी, त्यामुळे डाव्या हाताकडे दुर्लक्ष होतं आणि बार कॉर्डची (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायच्या कॉर्डची) पकड सैल पडून सूर वर-खाली होतो.
ट्रॅशमेनचा रंग हवा असेल तर डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) बंद आणि अँपच्या स्प्रिंग रिव्हर्बचं (घुमाऱ्याचं) बटण तिनाच्या आसपास. जास्त केला की जलद स्वर एकमेकांत मिसळतात.

क्रॅम्प्सबद्दल:
त्यांच्याकडे बास नव्हता, दोन गिटारच. म्हणून एका गिटारवाल्याने खर्जाच्या दोन-तीन जाड तारांवरच राहावं आणि अँपचा मिड (मधले स्वर) वाढवावा. दोघेही फझ (दाट खरखरीचा इफेक्ट) लावून बारीक तारांवर गेले तर गाणं पोकळ होतं. शेवटचा गोंगाट मोकळा वाटतो, पण संपण्याची खूण आधी ठरलेली हवी. ती ड्रमरच्या हातात द्या, कारण फीडबॅकमध्ये (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणाऱ्या किंचाळीत) बाकी कोणाचं काही ऐकू येत नाही. फीडबॅकसाठी गिटार अँपकडे वळवून जागा शोधा आणि फरशीवर टेप लावून ठेवा.
माझ्या मते नुसता वेग वाढवणाऱ्या कव्हरपेक्षा (दुसऱ्याच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीपेक्षा) क्रॅम्प्सचं हे कव्हर सरस आहे. मधल्या थांब्यातला वेडेपणा त्यांनी अख्ख्या गाण्यात पसरवला.

श्रेयाबद्दल:
ट्रॅशमेनच्या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या प्रतींवर गीतकार म्हणून वॉररचं नाव होतं. पण गाणं म्हणजे 'द रिव्हिंग्टन्स' या लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय गायकगटाची दोन गाणी जोडलेली: १९६२चं 'पापा-ऊम-माऊ-माऊ' आणि १९६३चं 'द बर्ड्ज द वर्ड'. त्यांच्या बाजूने कायदेशीर दावा पुढे आल्यावर श्रेय त्या गटातल्या चौघांकडे गेलं. कार्यक्रमपत्रिकेत किंवा व्हिडिओखाली अल फ्रेझियर, कार्ल व्हाइट, सनी हॅरिस आणि टर्नर विल्सन ही नावं लिहा. बसवण्याआधी दोन्ही मूळ गाणी लागोपाठ ऐका. त्यांची चाल संथ आहे, 'माऊ-माऊ'खाली खर्जातला आवाज आहे, आणि जोड नेमका कुठे दिलाय तेही लगेच कळतं. आपल्या बँडमध्ये खर्जाचा गळा असेल तर तो भाग त्यालाच द्या.