मदत हवी आहे : कराड-सातारा भागात ब्रेकचं काम नीट करणारं गॅरेज सुचवा

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आहेत. गेल्या महिन्यात इथल्या एका गॅरेजमध्ये पुढचे पॅड (डिस्कला दाबून चाक थांबवणारे) बदलून घेतले. तरीही साठच्या पुढे वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं आणि स्टेअरिंगही हलतं. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचेपर्यंत तर पेडल अगदी मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. गाडीत आई होती, माझ्या तर अंगावर काटाच आला. तेव्हापासून गाडी घाटात घातलेली नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे थरथर डिस्कमुळे असावी, आणि मऊ पेडल जुन्या ब्रेक ऑइलमुळे. ते हवेतला ओलावा शोषतं, मग उतारावर तापलं की उकळून त्यात वाफ होते, आणि वाफ दबते म्हणून पेडल खाली जातं. पण मेकॅनिक म्हणतो, "पॅड नवीन आहेत, बसतील हळूहळू." ऑइल त्याने नुसतं वरून भरलं. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना काढून ग्रीस लावलं का, मागच्या ड्रममधले लायनर (घासणारे पट्टे) उघडून पाहिले का, यावर उत्तरच नाही.

तर डायल गेज लावून डिस्क वाकडी फिरते का ते तपासणारं, चारही चाकांचं ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा काढणं) करणारं कुणी माहीत आहे का? दुसरं, डिस्क लेथवर घासून घ्यावी की सरळ नवी जोडी टाकावी? डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तेवढी उरत असेल तर घासून चालतं असं ऐकलंय. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी अनुभव आणि अंदाजे खर्च जरूर सांगा. पुढच्या महिन्यात आईला पुन्हा चिपळूणला न्यायचंय.