मदत हवी आहे : समुपदेशकांचं काम मोजायचं कसं? (मनोआरोग्य कंपनी, लातूर)

नमस्कार मंडळी,

लातूरमधल्या एका खासगी मनोआरोग्य कंपनीत मी एचआर बघते. एका छोट्या क्लिनिकपासून सुरुवात झाली होती. आता लातूर, नांदेड, धाराशिव अशी तीन केंद्रं आहेत, फोनवरून समुपदेशन चालतं आणि बीडला नवीन केंद्र काढायचं घाटतंय. याआधी मी वाळूजच्या कारखान्यांत एचआरमध्येच होते, त्यामुळे हजेरी, पीएफ, ईएसआयसी, लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती ही कामं हाताखालची आहेत. अडलंय वेगळ्याच ठिकाणी.

संचालकांच्या मनात आहे की प्रत्येक समुपदेशकाला रोज आठ सेशनचं टार्गेट द्यावं आणि त्यावरच्या प्रत्येक सेशनला इन्सेंटिव्ह. नव्या केंद्राचं भाडं, पगार, सगळं यातूनच निघायचंय, त्यामुळे त्यांची काळजी खोटी नाही. पण आमच्याकडे येतं कोण? नीटच्या तयारीसाठी परभणी-हिंगोलीहून आलेली सतरा-अठरा वर्षांची लेकरं, नवऱ्याची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या बायका, आणि कर्त्या माणसानं आत्महत्या केल्यानंतर मागे राहिलेली शेतकरी कुटुंबं. अशा कुटुंबासोबत तासभर बसलेल्या समुपदेशक मुलीला पाच मिनिटांत पुढच्या माणसाला आत बोलवायला कसं सांगू? शीटवर मात्र दोन्हींची नोंद 'एक सेशन' अशीच होते.

चांगले समुपदेशक सोडून चाललेत. राजीनाम्यात कारण पगाराचं किंवा पुण्याचं असतं. नीट बोलायला बसलं की कळतं, घरी गेल्यावर कुणाशी बोलायची ताकदच उरत नाही त्यांच्यात.

दुसरं, कामाचा दर्जा तपासायला मी केस नोट्स वाचाव्यात असं सुचवलं गेलंय. मला ते मुळीच बरोबर वाटत नाही. कायदा काय म्हणतो? आणि तिसरं, आमच्याच कर्मचाऱ्याला उपचारांची गरज पडली तर त्यानं जायचं कुठं? आमच्या डॉक्टरांकडे गेला तर उद्या त्यांच्यासोबतच काम करायचंय. बाहेर गेला तर गावात कुणीतरी ओळखीचं भेटतंच.

अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी संभाजीनगरला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नोट्सबद्दलचं तुमचं मत अगदी योग्य आहे, त्यावर ठाम राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ : रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे. उपचारांसाठी दुसऱ्या तज्ज्ञाला माहिती द्यावी लागली तर ती देता येते. अप्रेझल हे काही त्यातलं कारण नाही.

दर्जा बघायचा तो सुपरव्हिजनमधून. ज्येष्ठ तज्ज्ञ समुपदेशकासोबत बसतो, नाव-गाव न घेता केसवर चर्चा होते, कुठं अडलं ते समोर येतं. फक्त हा सुपरवायझर पगारवाढ ठरवणारा नको. त्याच्या हातात पगार गेला की समुपदेशक अवघड केस त्याच्यापुढे आणणंच बंद करतात, आणि नेमक्या त्याच केसमध्ये मदत हवी असते. जवळ कुणी नसेल तर बाहेरचा माणूस ऑनलाइन घ्या, पण ठरलेल्या वेळी आणि ड्युटीच्या तासांत.

बीडची भरती करताना एक बघा. एम. ए. सायकॉलॉजी झालेल्यांना समुपदेशक म्हणून जरूर घ्या, पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' अशी पाटी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असल्याशिवाय लावू नका. वाढीच्या घाईत इथंच हयगय होते.

प्रतिसाद २

नांदेडच्या एका रुग्णालयात मनुष्यबळ विभाग सांभाळतो. रोजचं टार्गेट नकोच. आम्ही आठवड्याचे तास धरतो. त्यात नोट्स लिहिणं, नातेवाईकांचे फोन, सुपरव्हिजन, केंद्रांमधला प्रवास हे सगळं काम म्हणून मोजतो. जोखमीची केस झाली की पुढची वेळ मोकळी ठेवायचा अधिकार समुपदेशकाचा, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

सेशनमागे इन्सेंटिव्ह दिला की दोन गोष्टी होतात. बरा झालेला माणूस उगाच बोलावला जातो आणि वेळखाऊ केस दुसऱ्याकडे ढकलली जाते. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये पेरण्या सुरू झाल्या की खेड्यातली माणसं येत नाहीत, आणि नीटच्या आसपास तुमच्याकडे रांग लागत असेल. पावसाचा हिशेब समुपदेशकाच्या पगारातून कशाला करायचा?

संचालकांसमोर राजीनाम्यांचा खर्च मांडा. नवीन माणूस शोधणं, शिकवणं, आणि अर्ध्यात उपचार सोडून गेलेले रुग्ण. ही माणसं नव्या समुपदेशकापुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला तयार होत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तासांचा तक्ता याच आठवड्यात करायला घेते, आणि नोट्सबद्दल कलमाचा उल्लेख करून लेखी कळवते. कर्मचाऱ्यांच्या उपचारांचं मात्र अजून सुटलं नाही. बाहेरच्या थेरपिस्टचं बिल कंपनीनं भरायचं तर नाव माझ्या टेबलावर येणारच ना?

प्रतिसाद ३

नाव येऊ न देता करता येतं. जिल्ह्याबाहेरच्या दोन-तीन थेरपिस्टशी कंपनीनं आधीच करार करायचा, कर्मचाऱ्यानं थेट त्यांना फोन करायचा, आणि महिन्याच्या बिलावर फक्त एकूण सेशनची संख्या. करारातच लिहा की नाव, तारीख, कारण काहीही कळवायचं नाही. रजेसाठीही आजाराचं नाव मागू नका, डॉक्टरांची चिठ्ठी पुरे. ग्रुप विम्याची पॉलिसी काढून वाचा : वर आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम २१ नुसार विमा कंपनीनं मानसिक आजारालाही शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यायला हवं. रात्री-अपरात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक तुमच्या लोकांसाठीही आहे, तिथं मराठीत बोलता येतं. केंद्रातल्या बोर्डावर रुग्णांसाठी लावला असेलच, स्टाफरूममध्येही लावा.