पाच वर्षांच्या मुलीला क्राम्पुस बघायला न्यावं का?

साल्झबर्गकर:
मार्चमध्ये इथं ऑस्ट्रियात, साल्झबर्गला राहायला आलो. लेक पाच वर्षांची. इथं 5 डिसेंबरला क्राम्पुस येतो, म्हणजे शिंगांचा मुखवटा घातलेलं राक्षसाचं सोंग. बालवाडीत त्याच्या गोष्टी ऐकल्यापासून रात्री दिवा मालवू देत नाही. शेजारच्या आजी म्हणतात, मिरवणुकीला घेऊन जा, भीती मोडेल. मला धाकधूक वाटतेय. कुणी लहान मुलांना नेलंय का?

गुहागरकर:
आमच्या कोकणात शिमग्यात संकासुराचं सोंग घेतलेला माणूस आला की मी आजीच्या पदराआड लपायचो. त्याच्या कमरेच्या घुंगरांचा आवाज अजून कानात आहे. पण तो आमच्याच अंगणात यायचा आणि आजी त्याच्याशी बोलायची. पुढे मीच त्याच्या मागे पळायला लागलो. गर्दीत नेऊ नका.

गास्टाइनकर:
ताई, मी अकरा वर्षं गास्टाइन खोऱ्यात आहे, दोन्ही मुलं इथंच वाढली. शहरातल्या मिरवणुकीत धूर, मशाली आणि शिंगं एकदम अंगावर येतात. तिथं नकोच.

आमच्याकडे 5 आणि 6 डिसेंबरला ते घरोघरी येतात. एका चमूला ‘पास’ म्हणतात: संत निकोलाउस, देवदूत, पाठीवर खाऊची टोपली घेतलेला एक जण आणि क्राम्पुस. निकोलाउस मुलांशी बोलतो, खाऊ देतो. क्राम्पुस त्याच्या शब्दाबाहेर जात नाहीत, आणि मुलांनी नेमकं हेच बघायला हवं.

आधी ऐकू येतात त्या त्यांच्या जड घंटा. जिन्यात त्या वाजल्या की माझा धाकटा माझ्या मांडीत शिरायचा. तो सहा वर्षांचा असताना आम्ही त्याला मुखवटे कोरणाऱ्याकडे नेलं. लाकडाचा अर्धवट चेहरा, बाजूला बोकडाची शिंगं, खुंटीला लोकरीची कातडी. त्यानं त्या चेहऱ्याच्या नाकावरून हळूच बोट फिरवलं. त्या डिसेंबरात तो मांडीत न शिरता माझ्याशेजारी बसून राहिला.

आणखी एक. नाताळानंतर 6 जानेवारीपर्यंत दिसतात ती वेगळी सोंगं, पेर्ख्टन. त्यांना क्राम्पुस म्हणू नका, इथल्या माणसांना ते लागतं. ते हिवाळा हाकलायला आणि घराचं भलं चिंतायला येतात. त्यांच्यातले काही डोक्यावर उंच, सजवलेले मुकुट घालतात, ते मुलीला नक्की आवडतील.

साल्झबर्गकर:
मनापासून आभार, दादा. आजींकडे नातवंडांसाठी निकोलाउस येणार आहे, बरोबर एक क्राम्पुसही.

गास्टाइनकर:
मग आजींकडेच जा. त्यांना आधी सांगून ठेवा, यंदा क्राम्पुसनं दाराबाहेरच थांबावं. घंटा तेवढ्या ऐकू द्या. तिनंच दार उघडा म्हटलं, तर उघडा.