चर्चा: बॅ. नाथ पैंच्या १९६७ च्या विधेयकाने देशाचं भलं झालं की नुकसान?

तळकोकणी:
विरोधी बाकावरचा, लहान पक्षाचा खासदार संसदेत कितीही बोलला तरी मतदानात हरणारच, मग त्याच्या भाषणांचा उपयोग काय, असं हल्ली चांगली वाचणारी माणसंही म्हणतात. मला ते मुळीच मान्य नाही. बॅरिस्टर नाथ पै यांचं एकच विधेयक घेऊन माझं म्हणणं मांडतो.

नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे सलग तीन वेळा राजापूरमधून लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद कधीच नाही. पक्ष प्रजा समाजवादी. १९६७ च्या लोकसभेत त्या पक्षाचे १३ खासदार होते आणि सभागृह ५२० जणांचं.

त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या गोलकनाथ कुटुंबाची जालंधरकडची जमीन कमाल धारणेच्या कायद्यात गेली होती. सरन्यायाधीश सुब्बा राव यांच्यासह सहा न्यायाधीशांनी, पाच जणांच्या विरोधात, असं ठरवलं की यापुढे संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, घटनादुरुस्ती करूनसुद्धा नाही. जुन्या दुरुस्त्या तेवढ्या शाबूत ठेवल्या.

त्यावर काय करायचं हे सरकार ठरवत असताना विधेयक आणलं ते नाथ पैंनी, खासगी सदस्य म्हणजे मंत्री नसलेला खासदार म्हणून. घटनेचा कोणताही भाग, मूलभूत हक्कांसह, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे हे कलम ३६८ मध्ये स्पष्ट लिहावं, एवढीच मागणी. ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षाने कडाडून विरोध केला. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, पुन्हा वाद झाले. ती लोकसभा विसर्जित होईपर्यंत ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै गेले. आणि त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली, तिचा गाभा नाथ पैंच्या विधेयकाचाच होता.

शंभरावर घटनादुरुस्त्या झाल्या या देशात. त्यांतल्या इतक्या मोठ्या दुरुस्तीची मांडणी आधी वेंगुर्ल्याच्या एका विरोधी खासदाराने केली होती, याचा मला अभिमान वाटतो. तो लपवायचं कारण दिसत नाही.

कायदा_वाचक:
नाथ पैंबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमत. तुम्ही ज्याचा अभिमान धरता ते विधेयक त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी चूक होती असं माझं मत आहे.

संसद म्हणजे जनता, म्हणून संसदेला मर्यादा नको, हा युक्तिवाद भला माणूस करतो तेव्हा ऐकायला छान वाटतो. पण कायदा माणूस बघून चालत नाही. २४ व्या दुरुस्तीने मोकळा झालेला अधिकार पुढे कोणी वापरला ते पाहा. ऑगस्ट १९७५ मध्ये विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते. तेव्हा पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढणारी ३९ वी दुरुस्ती ७ तारखेला लोकसभेने आणि ८ ला राज्यसभेने मंजूर केली, १० तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. १९७६ मध्ये ४२ वी आली. घटनादुरुस्तीला कोणतीही मर्यादा नाही आणि न्यायालयाने त्यात लक्ष घालू नये, असं ३६८ मध्येच लिहून टाकलं गेलं. २४ वी दुरुस्ती मांडणारे कायदेमंत्री ह. रा. गोखले आणि ४२ वी मांडणारे कायदेमंत्री एकच.

यातून वाचवलं कोणी? न्यायालयाने. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद निकालात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने मूलभूत चौकटीचं तत्त्व आलं म्हणून; म्हणजे घटना दुरुस्त करा, पण तिची मूळ चौकट मोडता येणार नाही. एक न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर आज आपण कुठे असतो याचा विचार करा.

मीनल_देवगड:
कायदा_वाचक, तुम्ही १९७५ वरून मागे बघताय. नाथ पै १९६७ मध्ये उभे होते आणि त्यांच्या पाठीशी कोकण होतं.

आमच्याकडे मालमत्तेचा मूलभूत हक्क म्हणजे काय ते कुळांना विचारा. खोत (गावचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि कूळ यांच्यात मालमत्ता कोणाची होती? खोती रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा आणि १९४८ चा कूळकायदा, हे दोन्ही १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात घालावे लागले होते, कोर्टात पडू नयेत म्हणून. माझ्या पणजोबांच्या नावावर जमीन लागली ती त्या कायद्यांमुळे. गोलकनाथ निकालाने जुने कायदे वाचले, पण पुढचे दार बंद झालं. उद्या कमाल धारणेचा नवीन कायदा करायचा तर काय, हा प्रश्न त्या वेळी पुस्तकातला नव्हता. कसणाऱ्याला जमीन मिळेल की नाही, एवढा सरळ होता.

समाजवादी पक्षातला, कोकणातून निवडून आलेला माणूस त्या निकालावर गप्प बसला असता तर मी त्याला माफ केलं नसतं.

नाना_बेळगाव:
या विषयावर थोडं वेगळं बोलतो. मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा असेन.

नाथ पैंनी सीमाप्रश्न संसदेत मांडला, रस्त्यावरही मांडला. १७ जानेवारीला, हुतात्मा दिनी, ते बेळगावात बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. आमच्या गावात गेले. त्यांच्यावर आमचं प्रेम किती, ते इथे लिहून कळायचं नाही. पण मुद्दा भाषणांच्या उपयोगाचा असेल तर स्पष्ट बोलायला हवं. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ ला आला, बेळगाव महाराष्ट्राला मिळालं नाही. संसदेत किती उत्तम बोललं गेलं! २००४ पासून महाराष्ट्र सरकारचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. संसदेने आम्हाला काय दिलं?

तळकोकणी म्हणतात की विरोधी खासदाराचा विचार पुढे सरकार उचलतं. कधी? सरकारला स्वतःला तो हवा असतो तेव्हा. २४ वी दुरुस्ती इंदिरा गांधींना हवी होती. सीमाप्रश्न कोणत्याच केंद्र सरकारला नको आहे. मग बोलणाऱ्याची थोरवी मोजायची कशी?

प्रवासी_पक्षी:
नानांशी सहमत. कोकण रेल्वे घ्या. मागणी नाथ पैंची, सगळं कोकण तेच सांगतं. पण कॉर्पोरेशन स्थापन झालं जुलै १९९० मध्ये. तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधु दंडवते होते. पहिली गाडी पूर्ण मार्गावर धावली ती १९९८ मध्ये. नाथ पैंना जाऊन २७ वर्षं झाली होती. खुर्चीत बसल्याशिवाय काम होत नाही.

तळकोकणी:
दंडवते त्या खुर्चीपर्यंत कोणत्या मतदारसंघातून पोचले? राजापूर. १९७१ ते १९९१ त्याच लोकांनी त्यांना पाठवलं. आमच्या भागात मंत्री नसलेल्या, उत्तम बोलणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या माणसाला निवडून देण्याची सवय नाथ पैंनी लावली. मतदारसंघाचं नाव २००८ च्या पुनर्रचनेत गेलं, हे अजून खटकतं.

नाना, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. सीमाभागातल्या माणसाला मी कोकणातून धीर धरा म्हणून सांगणं बरोबर दिसणार नाही. पण संसदेत तो विषय कोणी काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तुम्हीही म्हणणार नाही.

सांगोलेकर:
संसद सोडून विधानसभेकडे येतो. आमचे आबा, गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्ष. १९६२ पासून २०१९ पर्यंत अकरा वेळा आमदार, १९७२ आणि १९९५ एवढे दोन पराभव. मंत्रिपद मिळालं १९७८ आणि १९९९ मध्ये, तेही थोडा काळ. बाकी सगळं आयुष्य विरोधी बाकावर.

आबांचं बोलणं नाथ पैंसारखं वक्तृत्वाचं नव्हतं. पाणी, दुष्काळ, रोजगार हमी. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांतून सांगोल्याला पाणी मिळालं पाहिजे, हेच पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. मुख्यमंत्री बदलले, आबांचा प्रश्न तोच राहिला, उत्तर देणारा नवीन आला की त्याला जुनं उत्तर दाखवायला आबा तिथेच होते. अधिकारी बदलून जातात, मंत्री खातं सोडतात. आधीच्या सरकारने सभागृहात काय कबूल केलं होतं ते लक्षात ठेवणारा जुना आमदार सभागृहात लागतोच. माझ्या मते हा उपयोग विधेयकापेक्षा मोठा आहे, आणि त्याला वीस-तीस वर्षं एका जागी टिकावं लागतं. नाथ पैंना तेवढं आयुष्य मिळालं नाही.

राज्यशास्त्र_विद्यार्थिनी:
दोन गोष्टींची भर. स्वातंत्र्यापासून आजवर खासगी सदस्यांची फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यांतलं एक फिरोज गांधींचं, १९५६ चं, संसदेतलं कामकाज छापणाऱ्या वर्तमानपत्रांना संरक्षण देणारं. आणीबाणीत तो कायदा रद्द केला गेला, १९७७ मध्ये पुन्हा आणला. म्हणजे मागच्या बाकावरच्या खासदाराच्या कायद्याचीही सरकारला अडचण होत होती. हेच फिरोज गांधी डिसेंबर १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले त्या व्यवहारावर बोलले, छागला आयोग बसला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. ते सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते!

आज ते शक्य आहे का? १९८५ च्या पक्षांतरबंदीने पक्षादेश मोडून मत दिलं की सदस्यत्व जातं. बोलायला बंदी नाही, पण ज्याचं मत आधीच ठरलंय त्याचं बोलणं कोण मनावर घेणार?

कायदा_वाचक:
मीनलताई, कुळांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याच ठिकाणी माझी तक्रार सुरू होते. जमीन सुधारणेसाठी मालमत्तेच्या हक्कापुरती वाट मोकळी करायची होती तर तेवढंच लिहायचं होतं. नाथ पैंनी सगळा मूलभूत हक्कांचा भाग उघडा केला. भाषण, सभा, जीवित, सगळं. विहीर खणायची म्हणून आख्खं घर पाडू नये.

दुरुस्तीच्या अधिकाराला काही अंगभूत मर्यादा असते, हा विचार १९६७ मध्ये अज्ञात नव्हता. जर्मन प्राध्यापक डीटर कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात त्यावर व्याख्यान दिलं होतं, आणि गोलकनाथ खटल्यातच वकिलांनी तो युक्तिवाद न्यायालयासमोर ठेवला होता. वकील नानी पालखीवालांनी तो पुढे केशवानंदमध्ये नेला. लिंकन्स इनचा बॅरिस्टर असलेल्या नाथ पैंना जर्मनीचं वायमार, म्हणजे घटनेचाच वापर करून जिथे हुकूमशाही आली ते प्रजासत्ताक, आठवायला हवं होतं.

मीनल_देवगड:
मग १९७८ ची ४४ वी दुरुस्ती? जनता सरकारने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. आणीबाणीत जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही, हेही त्याच दुरुस्तीने आणलं. तुरुंगातून आलेल्या माणसांनी केलेली ही दुरुस्ती आहे. गोलकनाथ निकाल कायम असता तर ती झाली असती?

कायदा_वाचक:
अर्धी झाली असती. गोलकनाथने हक्क कमी करायला मनाई केली होती, वाढवायला नाही. जीविताच्या हक्काचं संरक्षण तेव्हाही वाढवता आलं असतं. मालमत्तेचा हक्क काढता आला नसता, हे कबूल. ती किंमत मी देईन. तुम्ही देणार नाही, आणि तुमच्या पणजोबांची जमीन बघता का देणार नाही तेही मला समजतं.

तळकोकणी:
सगळं वाचल्यावर माझा मुद्दा जास्त नेमका मांडतो.

कायदा_वाचक म्हणतात की मर्यादा घालायला हवी होती. ती घालण्याची जागा कुठे होती? नाथ पैंच्या विधेयकावर. ते संयुक्त समितीत गेलं, अधिवेशनामागून अधिवेशन त्यावर वाद झाला, विरोधकांना पुरेसा वेळ मिळाला, काँग्रेसमधल्या शंकेखोरांनाही मिळाला. १३ खासदारांच्या पक्षातल्या माणसाचं विधेयक होतं, ते रेटून नेणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागलं. आता १९७१ पाहा. इंदिरा गांधींचे ३५२ खासदार. २४ वी दुरुस्ती जुलैच्या शेवटी मांडली आणि ४ ऑगस्टला लोकसभेने मंजूरही केली. आशय जवळपास तोच, पण विचाराला एक आठवडा.

म्हणून भगदाड नाथ पैंनी पाडलं हे मी मानणार नाही. त्यांनी प्रश्न उघड्यावर आणला आणि देशाला त्यावर भांडायला वेळ दिला. तो वेळ आपण वापरला नाही.

कायदा_वाचक:
वेळ दिला, मान्य. पण उत्तर चुकीचं दिलं, यावर मी ठाम आहे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात चौथ्या लोकसभेचे वादविवाद आहेत. नाथ पैंची आणि त्यांना विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या सदस्यांची भाषणं शेजारी ठेवून वाचू. मराठीत त्यांचा सारांश कोणी करणार असेल तर विरोधी बाजूचा मी लिहितो.

मीनल_देवगड:
नाथ पैंच्या बाजूचा मी लिहिते. नवव्या परिशिष्टातल्या मुंबई राज्याच्या कायद्यांपासून सुरुवात करते.