मारिओ कार्ट ८ डिलक्स: दोन मुलं, एक आजी, एकच टीव्ही. घ्यावा का?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. दिरांनी बाहेरून येताना मुलांसाठी निन्टेन्डोचा स्विच, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणलाय. जुना, पहिलाच, नवा स्विच २ नव्हे. सोबत गेम एकही नाही! घरात आल्यापासून 'कार्टूनच्या गाड्यांची शर्यत पाहिजे' एवढा एकच घोषा चालू आहे. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी सहाची. सासूबाई संध्याकाळी देवापुढे दिवा लावून टीव्हीसमोरच बसतात, म्हणजे त्यांच्याही हातात कंट्रोलर कोंबला जाणार हे ठरलेलं.

नाशिकला एमजी रोडवर एका दुकानात विचारलं. म्हणाला, "मॅडम, मारिओ कार्ट ८ डिलक्स, डोळे झाकून घ्या." मला कुणी डोळे झाकून घ्या म्हटलं की मी आधी डोळे उघडते, आणि किंमत ऐकून ते उघडेच राहिले. वर आमच्या बिल्डिंगमधला कॉलेजचा मुलगा सांगतो, "काकू, तो गेम म्हणजे नुसतं नशीब आहे. जो पुढे असतो त्यालाच हाणतात."

माझी अडचण साधी आहे. मुलगा हरला की वस्तू आपटतो. मुलगी सारखी हरली की रडते. दोघं एकत्र खेळतील असा आहे का हा गेम? आणि खोट काय आहे तेही सांगा. ज्यांच्या घरी रोज खेळला जातो त्यांनीच लिहा, यूट्यूबवर काय, सगळेच पहिले येतात.

टर्बोतात्या:
ताई, तो कॉलेजचा मुलगा खरं बोलतोय. तरीही घ्या.

माझं सिडकोत सात वर्षं गेम पार्लर होतं, तासाला वीस रुपये. तिथे एक गोष्ट रोज बघायचो. दोघं खेळायला बसले आणि एक जण फारच सरस निघाला, की दुसरा पंधराव्या मिनिटाला उठायचा. मग सरस असलेला एकटा काय करणार? तोही उठायचा. माझी खुर्ची रिकामी. मारिओ कार्टमध्ये सगळा खटाटोप केलाय तो हा दुसरा माणूस उठू नये म्हणून.

वाटेत प्रश्नचिन्हाचे खोके असतात. त्याला धडक दिली की काहीतरी हाती लागतं. पुढे पळणाऱ्याला केळ्याची साल, हिरवं शेल (दुसऱ्यावर फेकायचं कासवाचं कवच), नाहीतर नुसतं नाणं. मागे रखडलेल्याला तारा, वीज, आणि अगदीच शेपटाला असाल तर बुलेट बिल. त्यात तुमच्या गाडीची बंदुकीची गोळी होते आणि ती आपली आपणच वळणं घेत चार-पाच जणांना मागे टाकते. त्या वेळी कंट्रोलर मांडीवर ठेवून नाक पुसलं तरी चालतं. माझी पुतणी तेच करते.

आणि ते निळं शेल. १९९६ च्या मारिओ कार्ट ६४ पासून आहे ते. सरळ पहिल्या नंबरवाल्याला शोधत येतं. आमच्याकडे आई त्याला साडेसाती म्हणते. "आली रे तुझी साडेसाती," असं पोळ्या लाटता लाटता ओरडते.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. बेबी पार्क नावाचा एक चिमुकला ट्रॅक आहे, नुसता लंबगोल, सात फेऱ्या मारायच्या. बारा गाड्या त्यात फिरतात तेव्हा संध्याकाळी सहाच्या द्वारका सर्कलची आठवण येते. पुतण्या (तो तेरा वर्षांचा) सातव्या फेरीत पहिला. त्याला निळं शेल येतंय हे दिसलं. पठ्ठ्याने चक्क ब्रेक दाबला! मागून सहा वर्षांची बहीण भुर्रकन पुढे गेली, आयुष्यात पहिल्यांदा पहिली आली, आणि साडेसाती तिच्या डोक्यावर फुटली. तिला काय झालं ते कळलंच नाही, ती आपली "मी पहिली, मी पहिली" म्हणून सोफ्यावर उड्या मारत होती. तेवढ्यात शेवटची रेघ ओलांडून हा गेला. आता याला नशीब म्हणायचं की अक्कल, तुम्ही ठरवा.

मुलीसाठी यात स्मार्ट स्टिअरिंग आहे. गाडी रस्त्याबाहेर जाऊ लागली की गेम तिला आत ढकलतो. वेगही आपोआप चालू ठेवता येतो, म्हणजे तिने नुसतं बटण दाबून शेल फेकली तरी शर्यत पुरी होते. ही मदत सुरुवातीला सगळ्यांनाच चालू असते. गाडीच्या मागे छोटासा अँटेना दिसला की समजायचं, चालू आहे. मुलाची मात्र आठवणीने बंद करा, गाडी निवडताना किंवा शर्यत मध्येच थांबवून करता येते. चालू राहिली तर काही आडवाटा त्याला घेताच येत नाहीत, आणि वळणावर गाडी घसरवली की चाकाखाली ज्या ठिणग्या उडतात, निळ्या, मग नारिंगी, मग जांभळ्या, त्यातल्या जांभळ्या कधीच येत नाहीत. घसरवण्याचं बटण सोडलं की गाडी झेप घेते, आणि जांभळ्यांची झेप सगळ्यात लांब. या गेममधलं कसब बरंचसं तिथे आहे. मुलगा एकदा जांभळ्या ठिणग्यांच्या नादी लागला की हरल्यावर आपटायच्या ऐवजी "थांब, परत" म्हणतो. निदान आमचा तरी म्हणतो.

आता खोट काय ते. निळं शेल ही खोट नाही, असं माझं स्पष्ट मत. खरी खोट म्हणजे एकट्याला खेळायला यात फार काही नाही. गोष्ट नाही, मोहीम नाही. सोनेरी मारिओ सोडला तर सगळी पात्रं पहिल्याच दिवशी खुली, मग कमवायचं काय? गाड्यांचे सुटे भाग! तुमचा मुलगा दोन-तीन आठवड्यांत सगळे कप जिंकेल. मग २०० सीसी, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यत, लावून द्या. तिथे ब्रेक नावाचं बटण कशासाठी असतं ते पहिल्यांदा कळतं.

दुसरं, एक किंवा दोघं खेळत असताना चित्र सेकंदाला ६० फ्रेम्सने पळतं, तिघं-चौघं झाले की ३० वर येतं, म्हणजे तेवढं सफाईदार दिसत नाही. त्यात पडद्याचे चार तुकडे. आमचा टीव्ही ३२ इंची, आईला स्वतःची गाडी सापडेपर्यंत पहिली फेरी संपते. आणि तो जॉय-कॉन, म्हणजे स्विचच्या कंट्रोलरचा अर्धा तुकडा, आडवा धरायचा म्हणजे खांद्यावरची बटणं इतकी बारीक की मोठ्या माणसाची बोटं आखडतात. सासूबाईंसाठी पूर्ण आकाराचा एखादा वेगळा कंट्रोलर बघा.

कार्ट्रिजमध्ये ४८ ट्रॅक आहेत. आणखी ४८ वेगळे पैसे देऊन मिळतात, ते २०२२ आणि २०२३ मध्ये सहा हप्त्यांत आले. त्यातले बरेच मोबाइलच्या गेममधून उचललेले, दिसायलाही जरा सपाट. एवढ्यात घेऊ नका.

कच्चा_गिअर:
तात्या, तुमच्याच पार्लरमध्ये मी दहावी घालवली, त्यामुळे आदर आहे. पण अकरा वर्षांच्या मुलाला कशाला त्या साडेसातीत लोटता? क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड घ्या. १९९९ च्या गेमची २०१९ मध्ये नव्याने केलेली आवृत्ती, स्विचवर आहे. यात मोहीम आहे, प्रत्येक भागाच्या शेवटी एक खडूस बॉस आहे. गाडी घसरवताना ऐन क्षणाला दुसरं बटण दाबायचं, एका घसरणीत तीनदा. क्षण चुकला की झेप गेली. जिंकलात तर हाताने जिंकलात.

खोट प्रामाणिकपणे सांगतो: सहा वर्षांची मुलगी रोज शेवटची येणार. आणि गेम बाजारात आल्यावर त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकायला लागले, ते मला अजून पटलेलं नाही. मुलाच्या हाती कार्ड देऊ नका.

टर्बोतात्या:
म्हणजे रोज रडणं. ताईंनी तेच तर विचारलंय, बाळा.

सातपूरकर:
पैसे घालवण्याआधी घरातल्या जुन्या लॅपटॉपवर सुपरटक्सकार्ट टाकून बघा. फुकट आहे, जाहिराती नाहीत. पेंग्विन गाडी चालवतो, समोरच्यावर केक फेकतो, आणि संडास साफ करायचा रबरी पंप तोंडावर चिकटला की काही दिसत नाही. माझी दोन्ही पोरं त्या पंपावर फिदा आहेत. एकाच कीबोर्डवर दोघं खेळू शकतात. पण साध्या कीबोर्डवर चार-पाच बटणं एकदम दाबली की एखादं लागतच नाही, आणि मग "तू मुद्दाम केलंस" वरून मारामारी. यूएसबीचा साधा गेमपॅड एकाला द्या. सफाई मारिओइतकी नाही, गाड्या जरा बर्फावरून गेल्यासारख्या वाटतात. पण मुलं शर्यतीत किती दिवस रमतात ते आठवड्यात कळेल.

गोदाकाठची:
सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, तीन आठवडे झाले. आठवडाभर पेंग्विन चालला, मग मारिओचं वापरलेलं कार्ट्रिज गंगापूर रोडच्या एका ताईंकडून घेतलं. त्यांचा मुलगा आता बारावीला, म्हणून विकायला काढलं होतं.

सासूबाई "मला काय कळतंय त्यात" म्हणत म्हणत रोज तीन शर्यती खेळतात. परवा सातव्या आल्या आणि इतक्या खूश, की सासऱ्यांना फोन करून सांगितलं, "अहो, पाच जण माझ्या मागे होते."

मुलाने अजून तरी काही आपटलं नाही. जांभळ्या ठिणग्या जमायला लागल्यात, जेवताना ताटाभोवती वाटी घसरवून मला दाखवत असतो.

एकच तक्रार. मुलगी दोन दिवस सारखी पाण्यात पडत होती. आधी अशी पडायची नाही. गेम बिघडला की काय? कार्ट्रिज वापरलेलं म्हणून असं होतं का?

टर्बोतात्या:
कार्ट्रिजचा काही संबंध नाही. तिच्या गाडीच्या मागे अँटेना आहे का ते बघा.

गोदाकाठची:
नाहीये.

मुलाला हाक मारलीय. बाथरूममध्ये जाऊन बसलाय.