बाग आणि कचरा वेगळे नाहीत

बागा, पर्यावरण आणि ऑनलाइन सेवा हे सगळं छोट्या नगरपरिषदेला एकदम झेपत नाही, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. कोकणातल्या वेंगुर्ल्याचंच बघा ना. २०११च्या जनगणनेत जेमतेम १२ हजारांचं गाव. पण कचरा वेगवेगळा घ्यायला लागले, ओल्याचा बायोगॅस केला, प्लास्टिकचे बारीक तुकडे डांबरात घालून रस्ते केले. जुन्या डंपिंग ग्राउंडची तर बाग झाली, लोक मुद्दाम बघायला जातात! डिजिटलचं मात्र बहुतेक ठिकाणी राहून जातं. घरपट्टी ऑनलाइन झाली, तरी ओटीपी आला की आजी शेजारच्या पोराला हाक मारतात. नवं ॲप काढण्याआधी गावच्या वाचनालयात एक कॉम्प्युटर आणि मदतीला माणूस बसवा.