मेंदूच्या दुखापतीचे जागतिक आकडे आणि नागपूरचा दर: प्रबंधात मांडायचं कसं?

प्रश्न (पीएसएम म्हणजे जनआरोग्यशास्त्राचे निवासी डॉक्टर, नागपूर)
जीबीडी २०१६ (ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज, आजारांच्या जागतिक ओझ्याचा अभ्यास) मध्ये मेंदूच्या दुखापतीचे वर्षाला सुमारे २ कोटी ७० लाख नवे रुग्ण दिलेत. देवन आणि सहकारी संशोधकांचा २०१८ चा अंदाज ६ कोटी ९० लाख. प्रस्तावनेत कोणता घ्यावा? दुसरं म्हणजे, मेडिकलमधल्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूर) वर्षभराच्या भरतीला जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागून लाखामागे दर काढला तर चालेल का?

उत्तर १
दोन्ही द्या, पण कशाची मोजणी आहे ते प्रत्येकापुढे लिहा. जीबीडीचा आधार मुख्यतः उपचारासाठी आलेल्यांच्या नोंदी. देवन यांनी सुरुवात केली रस्ते अपघातांपासून: त्यातल्या किती जणांच्या मेंदूला मार बसतो, आणि मेंदूच्या एकूण दुखापतींत रस्त्याचा वाटा किती, यावरून उरलेल्यांचा हिशोब. त्यामुळे दवाखान्याची पायरी न चढलेलेही त्यात येतात. त्यांच्या अंदाजातले सुमारे ८१ टक्के सौम्यच आहेत. जीबीडीतला ५ कोटी ५५ लाख हा आकडा आधीपासून परिणाम भोगत असलेल्यांचा आहे, नव्या रुग्णांचा नाही. इथे बरेच प्रबंध घसरतात.

आणखी एक. देवन यांच्याकडे उत्तर अमेरिकेचा दर लाखामागे सुमारे १,३०० आणि आफ्रिकेचा ८०१. म्हणून आफ्रिका सुरक्षित, असं कृपया लिहू नका. नोंदी जिथे चांगल्या, तिथे दर चढा दिसतो. कारणांचा वाटा जास्त बोलका आहे: रस्ते अपघात उत्तर अमेरिकेत २५ टक्के, आफ्रिका आणि आग्नेय आशियात ५६.

उत्तर २
तो भागाकार करू नका. मेडिकलला चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाहून, शिवाय छिंदवाडा-बालाघाटहूनही रुग्ण येतात, आणि छेदात फक्त नागपूर जिल्हा. उलट मेयो (नागपूरचं दुसरं शासकीय रुग्णालय), एम्स आणि धंतोलीतल्या खासगी रुग्णालयांचे रुग्ण अंशात नाहीत. जागीच गेलेले तर थेट शवविच्छेदनाच्या नोंदीत. या दोन चुका एकमेकींना खोडतील याची काहीच हमी नाही.

दरच हवा असेल तर जिल्ह्यात राहणारेच घ्या आणि रुग्णालयांची व पोलिसांची यादी जुळवा. एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) क्रमांक ठिकाणागणिक बदलतो, म्हणून दुखापतीची तारीख, वय, लिंग आणि गाव यांवरून जुळवणी करा. नाहीतर ग्रामीण रुग्णालयातून रेफर झालेला एकच माणूस तीनदा मोजला जातो. मग दोन्ही याद्यांतून सुटलेल्यांसह एकूण संख्येच्या अंदाजासाठी चॅपमनचं सूत्र: दोन्ही याद्यांच्या संख्येत एकेक मिळवून गुणाकार, त्याला सामाईक अधिक एकने भागा, शेवटी एक वजा. समजा २०० आणि १२०, सामाईक ८०. उत्तर सुमारे २९९. अपघाताचा रुग्ण भरती झाला की पोलिसांत नोंद होतेच, म्हणजे याद्या स्वतंत्र नाहीत आणि हा अंदाज कमी येतो. हे मर्यादांमध्ये लिहा. पडून झालेल्या दुखापतींना ही पद्धत लावू नका, त्या पोलिसांपर्यंत क्वचितच जातात.

उत्तर ३
आजारांचे आयसीडी-१० कोड तपासताना फक्त एस ०६ (कवटीच्या आतली दुखापत) शोधू नका. केसपेपरवर नुसतं ‘हेड इंज्युरी’ असलं की एस ०९.९ (डोक्याची तपशील न दिलेली दुखापत) पडतो. वयस्कांच्या जुन्या सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालच्या) रक्तस्रावात महिन्याभरापूर्वीचं पडणं कुणी विचारत नाही, मग तो आय ६२.० (दुखापतीविना झालेला रक्तस्राव) मध्ये जातो आणि पडण्याचा वाटा कमी दिसतो. त्या सगळ्या फाइली हातात घेऊन वाचा.

श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाचा ग्लासगो स्कोअर (शुद्धीची पातळी मोजणारे गुण) भरताना बोलण्याला १ देऊ नका, ‘टी’ (ट्यूब) लिहा. नाहीतर मध्यम रुग्ण ८ किंवा त्याखाली सरकून तीव्र गटात मोजला जातो.